बोलण्याआधी वाचण्यापुरते इंग्रजी

2025 सालच्या उन्हाळ्यात राज्यात भाषेवरून मोठे वादळ उठले. 16 एप्रिलला पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला. त्याला विरोध झाला, जूनमध्ये शब्द बदलून दुसरा निर्णय आला आणि अखेर 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा सरकारला करावी लागली. गावोगावच्या पारावर आणि एसटीच्या थांब्यावर याची भरपूर चर्चा झाली. तिसऱ्या भाषेवर एवढे रण माजले, पण शाळेत जी दुसरी भाषा पंचवीस वर्षे शिकवली जाते तिचे काय झाले, हे मात्र कोणी विचारले नाही.

जून 2000 पासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांचा तो निर्णय होता. त्याआधी इंग्रजीची गाठ पाचवीत पडायची. त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरे आज तिशी ओलांडून गेली आहेत. कोणी भात लावते आहे, कोणी भिवंडीच्या गोदामात आहे, कोणी गावची सरपंच आहे. दहा वर्षे इंग्रजीचा तास झालेल्या या पिढीच्या हातात आज इंग्रजी कागद दिला तर काय होते? बहुतेक जण तो उलटसुलट करतात आणि विचारतात, "यात लिहिलंय काय, जरा सांगा ना."

ही स्थिती आपल्याच जिल्ह्याची आहे असे नाही. 'असर' या पाहणीने 2023 मध्ये 26 राज्यांतल्या 28 जिल्ह्यांत 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलामुलींना साधी इंग्रजी वाक्ये वाचायला दिली. ती 57.3 टक्के मुलांनाच वाचता आली. जी वाचू शकली त्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला. म्हणजे शंभरातल्या चाळीसेक पोरांनाच वाचून कळते. शाळा सुटल्यावर काही वर्षांनी त्यातले किती उरत असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

यावर उपाय म्हणून आपल्याकडे एकच गोष्ट सुचते: पोराला कल्याणला किंवा ठाण्याला 'स्पोकन इंग्लिश'च्या क्लासला घाला. या लेखाचा मुद्दा नेमका उलटा आहे. गावातल्या माणसाला इंग्रजी बोलता येत नाही म्हणून त्याचे जेवढे नुकसान होते, त्याच्या कितीतरी पट नुकसान वाचता येत नाही म्हणून होते. आणि वाचण्यापुरते इंग्रजी घरी बसून, जवळजवळ फुकटात शिकता येते.

माणसे मराठी, कागद इंग्रजी

ठाणे जिल्ह्याला इंग्रजी नवे नाही. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, दुसऱ्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. रेल्वेबरोबर टेशन, शिंगल, गार्ड, पास हे शब्द आले आणि मराठी होऊन बसले. नंतर अंबरनाथ-डोंबिवलीचे कारखाने आले. 2014 साली पालघर वेगळा झाल्यावर जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांतल्या शहापूर, मुरबाड, भिवंडी आणि कल्याणच्या गावांतून आज जे बदल चालले आहेत ते रेल्वेच्या वेळच्या बदलांपेक्षा वेगाने चालले आहेत. भिवंडीत पूर्णा, काल्हेर, माणकोलीपासून पडघ्यापर्यंत गोदामेच गोदामे झाली. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. शहापूर तालुक्यातून येणारा तो रस्ता भिवंडी तालुक्यात आमणे येथे संपतो. कल्याणलगतची 27 गावे 2015 मध्ये पुन्हा महापालिकेत गेली आणि शेतावर टॉवर उभे राहिले.

या सगळ्यात एक गंमत आहे. सरकारी कागद मराठीत येतो. सातबारा मराठीत, फेरफार मराठीत, ग्रामसभेची नोटीस मराठीत. राजभाषा कायद्यामुळे ते घडले. पण सरकार सोडून जे जे गावात आले, म्हणजे कंपनी, बिल्डर, गोदामवाला, औषधाचा कारखाना, मोबाइलवरचे पैसे, ते आपला कागद इंग्रजीत घेऊन आले. माणूस आपल्याशी मराठीत गोड बोलतो आणि सही इंग्रजी कागदावर घेतो. बोलणे हवेत विरून जाते, कागद राहतो.

नेमके कुठे अडते

पहिले ठिकाण शेतातलेच आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकटच्या पत्त्याच्या आकाराचे चिन्ह असते. त्याचा लाल रंग सर्वांत जास्त विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण मात्रेच्या तक्त्यात काय लिहिलेले असते? तिथे बहुधा 'पर हेक्टर' असते. आपण बोलतो एकरात आणि गुंठ्यात. हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. हेक्टरी 500 मिली लिहिलेले औषध कोणी एकरी 500 समजून मारले, तर अडीच पट औषध शेतात आणि फवारणाऱ्याच्या नाकातोंडात गेले. हिशेब सोपा आहे: हेक्टरी 500 मिली म्हणजे एकरी 200, गुंठ्याला 5. तिथेच 'वेटिंग पीरियड' असतो, म्हणजे फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही. भेंडी-काकडीवाल्यांसाठी हा शब्द पैशाचा आहे, खाणाऱ्यासाठी जिवाचा. आणि 'अँटिडोट' या शब्दापुढे विषबाधेवरचा उतारा लिहिलेला असतो. दवाखान्यात जाताना डबा सोबत न्यायचा तो याच ओळीसाठी. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे पुष्कळ होती. पण हातातल्या डब्यावरची सूचना वाचता येणे ही बचावाची पहिली पायरी आहे, यात वाद नाही. नियमाप्रमाणे माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही असावे लागते. पण त्यातले अक्षर मुंगीएवढे असते, आणि उसनी आणलेल्या अर्ध्या बाटलीबरोबर ते पत्रक घरी येतेच असे नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे स्वतःचे नाव. पीएम किसानचे वर्षाला 6 हजार 2019 पासून आहेत, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 6 हजार 2023 पासून आहेत. हे पैसे अडकण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे आधारवर नावाचे स्पेलिंग एक आणि बँकेत दुसरे. ज्ञानेश्वर कुठे 'डी-एन'ने सुरू होतो, कुठे 'जी-वाय'ने. लक्ष्मीबाईच्या मध्ये कुठे 'एक्स' असतो, कुठे 'के-एस'. वडिलांचे नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसते अक्षर. स्पेलिंग लिहिणारा ऑपरेटर, आणि हेलपाटे घालणारे आपण. स्वतःच्या नावाची अक्षरे वाचता आली असती तर चूक त्याच दिवशी पडद्यावर दिसली असती.

बँकेचेही तेच. आयएफएससी कोडमध्ये 11 खुणा असतात. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवा शून्य, पुढच्या सहा खुणा शाखेच्या. त्या शून्याच्या जागी 'ओ' लिहिला की फॉर्म परत. मोबाइलवर संदेश येतो त्यात 'क्रेडिटेड' म्हणजे जमा, 'डेबिटेड' म्हणजे वजा. भामटे लोक 'पैसे पाठवतो, पिन टाका' सांगतात तेव्हा पडद्यावर 'पे' लिहिलेले असते. पैसे घेताना पिन लागत नाही, देतानाच लागतो. 'पे' हे तीन अक्षरांचे शब्दचित्र ज्याला ओळखता आले त्याचे खाते वाचले.

तिसरे ठिकाण सर्वांत महाग आहे, ते म्हणजे जमिनीचा करार. गोदामासाठी जागा भाड्याने देणारे शेतकरी भिवंडी-पडघा पट्ट्यात आता घरटी सापडतील. करारात 'लेसर' म्हणजे जागा देणारा आणि 'लेसी' म्हणजे घेणारा. शेवटच्या एक-दोन अक्षरांचा फरक, पण कुठली जबाबदारी कोणाची ते त्यावर ठरते. 'शॅल' लिहिले असेल तर ते करावेच लागेल. 'मे' लिहिले असेल तर त्याची मर्जी. 'लेसी मे पे' आणि 'लेसी शॅल पे' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'लॉक-इन' म्हणजे अमुक महिने करार मोडता येणार नाही. तो दोघांना लागू आहे की एकालाच, ते पाहायचे. भाडे 'पर मंथ' आहे की 'पर ॲनम', 'पर स्क्वेअर फूट' असेल तर कोणत्या क्षेत्रावर, हेही पाहायचे. गुंठ्यात 1089 चौरस फूट बसतात, एवढे पाठ असले की आकडा पडताळता येतो. सही केली म्हणजे वाचून केली असे धरले जाते. "मला इंग्रजी येत नव्हतं" ही सबब नंतर सिद्ध करणे फार अवघड जाते.

चौथे ठिकाण रोजगाराचे. गोदामात इनवर्ड, आउटवर्ड, डिस्पॅच, डॅमेज, शॉर्ट हे शब्द तोंडी सगळ्यांना येतात. पण हातातल्या स्कॅनरच्या पडद्यावर किंवा चलनावर ते वाचून नोंद कोण करतो, त्यावर हमाल कोण आणि सुपरवायझर कोण हे ठरते. आपलीच जमीन गेलेल्या जागी उभ्या राहिलेल्या गोदामात आपलाच पोरगा पोती उचलतो आणि बाहेरगावचा मुलगा टेबलावर बसतो, ही खंत या पट्ट्यात ऐकू येते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत तर प्रश्न जिवाचा आहे. 26 मे 2016 आणि 23 मे 2024 च्या स्फोटांनी तो भाग हादरला. त्या स्फोटांची कारणे वेगळी होती आणि त्याची जबाबदारी कामगाराच्या माथी मारता येणार नाही. तरीही 'फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारे आणि 'करोसिव्ह' म्हणजे कातडी जाळणारे, एवढे न वाचता ड्रम हलवणे धोक्याचेच आहे.

क्लास काय विकतो

आता क्लासकडे पाहू. कल्याण, डोंबिवली, ठाणे, कुठल्याही स्टेशनाबाहेर पडा, इतक्या दिवसांत फाडफाड इंग्रजी असे फलक दिसतात. फी हजारांत असते. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे तिथल्या पोराला एसटीने कल्याण गाठावे लागते. शहापूरच्या पोराला आधी आसनगाव, मग लोकल. तासाभराच्या क्लाससाठी अर्धा दिवस जातो. आणि शिकवले काय जाते? 'हाऊ आर यू', 'माय नेम इज', मुलाखतीत कसे बसायचे. शहरात नोकरी शोधणाऱ्या पदवीधराला याचा उपयोग आहे, नाही असे नाही. पण ज्याला डब्यावरचे वाचता येत नाही त्याला संभाषण शिकवणे म्हणजे पाया न भरता पत्रे चढवण्यासारखे आहे. क्लास सुटला की बोलायला गावात कोणी नसते. महिनाभरात सगळे विसरायला होते आणि "आपल्या डोक्यात इंग्रजी शिरतच नाही" ही समजूत मात्र पक्की होते.

वाचण्याचे तसे नाही. वाचायला दुसरा माणूस लागत नाही. खताची गोणी, बियाण्याची पिशवी, बसचे तिकीट, विजेचे बिल, मोबाइलचा पडदा, हे सगळे रोज समोर असते. सराव आपोआप होतो.

तर्खडकरांची वाट

घरी बसून इंग्रजी शिकण्याची परंपरा मराठी माणसाला नवी नाही. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. ती पुस्तके आजही बाजारात मिळतात. त्यांची रीत साधी होती. नियम मराठीत समजावून द्यायचा, मोजके शब्द द्यायचे, मग पाच-दहा वाक्यांचे मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर करायला लावायचे. आजचा धडा कालच्या धड्यावर उभा. मास्तर नसला तरी चालत असे. पुढे रॅपिडेक्सचे पुस्तक आले, कपिल देवच्या जाहिरातीने ते घरोघर माहीत झाले. त्याचीही मराठी आवृत्ती निघाली.

या रीतीचे दोन दोष होते. एक, उच्चार कानावर पडत नसे, त्यामुळे 'तर्खडकरी इंग्रजी' हा चेष्टेचा विषय झाला. दुसरा, वाक्ये पुस्तकी होती, शेत-बाजाराशी त्यांचा संबंध नव्हता. आज दोन्हींवर उपाय हाताशी आहे. बालभारतीच्या पुस्तकातला चौकोनी कोड मोबाइलने टिपला की दीक्षा ॲपवर त्या धड्याचे साहित्य उघडते. बीबीसी आणि ब्रिटिश कौन्सिल यांचे इंग्रजीचे धडे मोबाइलवर फुकट ऐकता येतात. वाक्यांचे म्हणाल तर लेबल, फॉर्म, चलन हेच पाठ्यपुस्तक करायचे.

निम्मे शब्द तोंडातच आहेत

इंग्रजीची भीती घालवायची तर आधी एक उद्योग करावा. आपण रोज बोलतो त्यातले इंग्रजी शब्द एका कागदावर मराठीत लिहून काढावेत. मोटार, पंप, स्टार्टर, फेज, फ्यूज, पाइप, व्हॉल्व्ह, नोजल, ट्रॅक्टर, ट्रॉली, डिझेल, बिल, रिसीट, लोन, चेक, सही-स्टँप, रेशन कार्ड, फॉर्म, लाइन, पास, तिकीट, डॉक्टर, टॅबलेट, इंजेक्शन. शाळेचे तोंड न पाहिलेल्या म्हातारीलाही यातले बरेच शब्द येतात. यादी शंभरावर सहज जाईल. म्हणजे शब्द आहेत, अर्थ आहे, नाही ते फक्त अक्षराचे रूप. कानाने ओळखीचा शब्द डोळ्याने ओळखायचा आहे, एवढेच पहिले काम.

वेळ कोणती निवडावी? भाताची झोडणी उरकली की होळीपर्यंत संध्याकाळ मोकळी असते. रोज अर्धा तास धरला तरी तीन महिने पुष्कळ झाले. क्रम असा ठेवावा.

पहिले पंधरा दिवस फक्त मोठ्या लिपीची 26 अक्षरे. फॉर्म मोठ्या लिपीतच भरायचा असतो आणि डब्यावरचे मोठे शब्दही बहुधा त्याच लिपीत असतात. त्याच अक्षरांत स्वतःचे पूर्ण नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहायला शिकावे. आधार, बँकेचे पासबुक आणि पॅन कार्ड शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. फरक दिसला तर आजच दुरुस्तीला द्यावा. शिक्षणाचा पहिला फायदा पंधराव्या दिवशीच पदरात पडेल.

पुढचे पंधरा दिवस छोटी लिपी, आकडे, महिन्यांची नावे आणि तारीख. 'मॅन्युफॅक्चरिंग डेट' आणि 'एक्स्पायरी डेट' ओळखणे, वजन, किंमत, बॅच नंबर वाचणे. युरियाची गोणी पूर्वी 50 किलोची होती, 2018 पासून ती 45 किलोची झाली. गोणीवर 'नेट वेट'पुढे आकडा असतो. 10:26:26 म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश या क्रमाने टक्के. बियाण्याच्या पिशवीवर 'जर्मिनेशन' म्हणजे उगवण. भाताला ती किमान 80 टक्के हवी. पिशवी टाकून न देता पावतीसोबत जपून ठेवायची, हेही यातच शिकून घ्यावे.

दुसऱ्या महिन्यात आपल्या यादीतले शंभर-दीडशे शब्द आणि काही बारीक शब्द. बारीक शब्दच दगा देतात. 'नॉट' नाही. 'ओन्ली' फक्त. 'बिफोर' आधी, 'आफ्टर' नंतर. 'विदिन' आत, म्हणजे 'विदिन 15 डेज' म्हणजे पंधरा दिवसांनी नव्हे तर पंधरा दिवसांच्या आत. 'अनलेस' म्हणजे अमुक झाले नाही तर. 'पर' म्हणजे दर. 'फ्रॉम' पासून, 'टू' पर्यंत. जोडीला कामाचे शब्द: अप्लाय, साइन, सबमिट, पे, रिसीव्ह, कॅन्सल, रिजेक्टेड, पेंडिंग, अप्रूव्हड. योजनेच्या अर्जाची स्थिती मोबाइलवर दिसते ती शेवटच्या तीन शब्दांतच.

तिसऱ्या महिन्यात बालभारतीचे तिसरी-चौथीचे इंग्रजी पुस्तक घ्यावे. पहिली ते आठवीची पुस्तके जिल्हा परिषदेच्या शाळेत मोफत मिळतात, त्यामुळे गेल्या वर्षीची पुस्तके घरोघरी माळ्यावर पडून असतात. नसतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. रोज एक पान मोठ्याने वाचावे, त्यातली पाच वाक्ये मराठीत आणि दुसऱ्या दिवशी तीच वाक्ये पुस्तक मिटून परत इंग्रजीत लिहावीत. हीच तर्खडकरांची रीत. मोठा माणूस लहान पोराचे पुस्तक घेऊन बसला म्हणून कमीपणा मानू नये. उलट पोरगीच मास्तरीण होते आणि तिचाही अभ्यास होतो.

खर्च किती? एक वही, एक पेन, हवा तर एक इंग्रजी-मराठी शब्दकोश. पै-पाहुण्याला चहापाणी करायला लागतो तेवढा.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने इंग्रजी कागदाचे मराठी भाषांतर होते, मग शिकायचे कशाला, असे तरुण पोरे विचारतात. सोय चांगली आहे, जरूर वापरावी. पण ते यंत्र 'शॅल' आणि 'मे'मधला फरक दर वेळी नीट सांगेलच याची हमी नाही. ज्याला थोडे तरी वाचता येते त्यालाच यंत्राची चूक पकडता येते. आणि करारमदाराच्या बाबतीत तीन महिन्यांच्या इंग्रजीवर विसंबून सही करू नये. वकिलाला दाखवावेच. या शिकण्याचा तिथे फायदा इतकाच की कुठल्या कलमावर बोट ठेवून प्रश्न विचारायचा ते कळते.

फांगण्याचा धडा

या वयात हे जमेल का, असे ज्यांना वाटते त्यांनी मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाकडे पाहावे. तिथे 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची कल्पना, मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टचे साहाय्य आणि गावाची साथ. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन दुपारी दोन तास शाळेत बसू लागल्या. अंगठा लावणाऱ्या हातांनी पाटीवर नाव लिहिले. देशभरातले पत्रकार तो प्रकार बघायला येऊन गेले.

फांगण्यात शिकवली ती मराठी. पण त्यातून निघणारा धडा आपल्या विषयाला लागू आहे. वेळ कामातून सवड मिळेल अशी निवडली. सगळ्याजणी बरोबरीच्या, त्यामुळे हसणारे कोणी नव्हते. आणि शिकण्याचा हेतू छोटा, डोळ्यांसमोरचा होता: सही करायची, पोथी वाचायची. साठी ओलांडलेल्या हाताला नवी अक्षरे जमतात, तर दहावी झालेल्या शेतकऱ्याला किंवा बचत गटाच्या अध्यक्षबाईंना 26 अक्षरे का जड जावीत?

ग्रामपंचायतीने काय करावे

घरचा अभ्यास ज्याचा त्याने करायचा. पण एकट्याचा उत्साह आठ दिवसांत मावळतो. तो टिकवायला गावाचा आधार लागतो, आणि त्याला फार पैसा लागत नाही.

एक, मे महिन्यात शाळेचा निकाल लागला की जुनी इंग्रजी पुस्तके गोळा करून पंचायतीच्या कार्यालयात किंवा गावच्या वाचनालयात एक कपाट भरावे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून उभे आहे. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकांच्या आदानप्रदानाची प्रथा पाडली. शहराकडे पुस्तके आहेत, मागणारा हवा. सरपंचांनी लेटरहेडवर एक पत्र लिहून पाहावे.

दोन, नोटीस बोर्डावर रोज पाच शब्द. मोठ्या लिपीत इंग्रजी, खाली मराठी उच्चार, शेजारी अर्थ. लिहायचे काम दहावी-बारावीच्या मुलींकडे पाळीपाळीने द्यावे.

तीन, हंगामाच्या तोंडावर कृषी सहायकांना बोलावून त्या हंगामातल्या नेहमीच्या चार-पाच औषधांची लेबले मोठी करून, मराठी अर्थासह पंचायतीत आणि कृषी केंद्रात टांगावीत.

चार, आठवड्यातून एक संध्याकाळ कागद-वाचनाची ठेवावी. ज्याच्याकडे इंग्रजी कागद आला असेल त्याने खासगी आकडे झाकून तो आणावा आणि सर्वांनी मिळून वाचावा.

पैशाचा प्रश्न आला तर ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतला 10 टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी आणि 15 टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचा असतो. शहापूर-मुरबाडच्या पेसा गावांना 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि त्यातून शिक्षणावर खर्च करता येतो. ग्रामसेवकांनी, आताच्या भाषेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, आराखड्यात एक ओळ घातली आणि ग्रामसभेने ठराव केला की झाले. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घेतला तर होळीपर्यंत पहिली तुकडी अक्षरे शिकून झालेली असेल.

मराठीचे काय?

कोणी म्हणेल, "आम्ही इंग्रजी का शिकायचं? त्यांनी कागद मराठीत द्यावा." हे म्हणणे शंभर टक्के रास्त आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो समारंभात मिरवायचा आणि करार मात्र मुकाट्याने इंग्रजीत घ्यायचा, हे बरे नव्हे. बँकांनी ग्राहकांसाठीचे फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत ठेवावेत असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. शाखेत मराठी फॉर्म मागा, नसेल तर लेखी मागा. गोदामाचा करार करताना मराठी प्रत जोडा म्हणून अडून बसा. जागा आपली आहे, अडून बसायचा हक्कही आपला आहे.

पण मराठी प्रत मूळ कागदाशी जुळते की नाही, हे कोण पाहणार? त्यासाठी दोन्ही वाचता येणारा आपला माणूस गावात हवा. मराठीचा आग्रह आणि इंग्रजीचे वाचन यांत वैर नाही. ज्याला दोन्ही कागद कळतात त्याच्याच आग्रहाला समोरचा किंमत देतो.

आपल्या जिल्ह्यातला शेतकरी जमिनीच्या मोजणीला स्वतः उभा राहतो. साखळी कुठून कुठे गेली ते डोळ्यांत तेल घालून पाहतो. बांध वीतभर सरकला तरी त्याला कळतो. तोच माणूस त्या जमिनीच्या कागदापाशी आला की मान खाली घालून "कुठं सही करू?" विचारतो. सहीआधी "हे वाचून बघतो" म्हणण्याएवढे इंग्रजी त्याला आले पाहिजे, आणि ते येत्या होळीपर्यंत येऊ शकते.